ईस्टरचा खरा अर्थ

वऱ्हाडात वाशीमहून पुसदेकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे मोठे गाव लागते. तेथील एखाद्या घराच्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका पाहावी, किंवा पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यातील पाहावी. चैत्राच्या सुमारास दोहोंत एक गोष्ट सारखीच आढळते. ‘गुड फ्रायडे’चा शुक्रवार तांबड्या शाईने छापलेला असतो. कचेऱ्या, शाळा व बँका त्या दिवशी बंद असतात. त्यापुढील रविवारी ‘ईस्टर’ हा शब्द बारीक अक्षरांत दिलेला असतो. परंतु रविवार हा मुळातच सुटीचा, म्हणून वाचणाराची नजर त्यावर ठरत नाही. परिणाम असा होतो की, ख्रिस्ती शेजाऱ्याचा कोणता तरी सण आहे एवढेच ध्यानात ठेवून एखादा सुशिक्षित गृहस्थ शुक्रवारी त्याला हसतमुखाने शुभेच्छा देतो आणि रविवारी काहीच बोलत नाही. ज्या दिवशी त्या घरी सुतकाप्रमाणे गांभीर्य असते, त्या दिवशी अभिनंदन. आणि ज्या दिवशी वर्षातील सर्वांत मोठा आनंद असतो, त्या दिवशी मौन!

ह्यात शेजाऱ्याचा दोष थोडा आहे. नाताळ सर्वांच्या परिचयाचा आहे. बाळाचा जन्म, तारा, गोठा आणि मेंढपाळ ही कथा कोणाच्याही मनाला सहज भिडते. ईस्टर तसा नाही. त्याच्या मध्यभागी पाळणा नसून कबर आहे. तथापि, ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नाताळापेक्षा ईस्टरच अधिक जुना आणि अधिक थोर होय. नाताळचा उत्सव चौथ्या शतकात रूढ झाला. ईस्टर कोणत्या दिवशी पाळावा याविषयीचा वाद मात्र दुसऱ्या शतकातच चाललेला दिसतो. इतकेच नव्हे, तर ख्रिस्ती लोक उपासनेसाठी रविवारी एकत्र येतात, त्याचे कारणही ईस्टरच आहे. त्या अर्थाने प्रत्येक रविवार हा एक लहानसा ईस्टर असतो.

प्रथम ह्या सणाच्या तिथीचा विचार करू. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. ईस्टर मात्र दर वर्षी पुढेमागे सरकतो. ज्यांच्या घरी पंचांग आहे त्यांस ह्याचे नवल वाटू नये, कारण ईस्टरची गणना चंद्रावर अवलंबून आहे. इ. स. ३२५ मध्ये निकीया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरविले. पुढे रूढ झालेल्या नियमाप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार हा ईस्टर. म्हणून पाश्चात्य गणनेत तो २२ मार्चच्या अलीकडे येत नाही आणि २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाही. ही पौर्णिमा क्वचित होळीची असते, पण बहुधा चैत्री पौर्णिमाच असते. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ एप्रिलला व ईस्टर ५ एप्रिलला, असा क्रम जुळून आला तो ह्याच कारणाने.

ही पौर्णिमा निवडण्याचे कारण यहुदी लोकांच्या वल्हांडण सणात आहे. मिसर देशाच्या दास्यातून आपल्या पूर्वजांची सुटका झाली, त्याचे स्मरण म्हणून यहुदी लोक वसंतातील पौर्णिमेस हा सण पाळतात. त्या रात्री प्रत्येक घरी कोकरू मारले गेले व त्याचे रक्त दारास लावलेल्या घरांवरून मृत्यू ओलांडून गेला, असे त्यांचे शास्त्र सांगते. येशूला क्रूसावर खिळले ते ह्याच सणाच्या दिवसांत. त्यामुळे दास्यातून सुटका आणि तीसाठी सांडलेले रक्त, ह्या दोन कल्पना ईस्टरच्या अर्थात पहिल्यापासूनच विणलेल्या आहेत. वल्हांडणाचे इब्री नाव ‘पेसाह’. त्यावरून ग्रीक व लॅटिन भाषांत ‘पास्खा’ झाले, पोर्तुगीज भाषेतून ते गोव्यात आले आणि तेथील ख्रिस्ती कुटुंबे आजही कोकणीत ‘पास्कांचें फेस्त’ असे म्हणतात. ‘ईस्टर’ हे नाव इंग्रजांचे आहे. इंग्लंडमधील बीड नावाच्या साधूने आठव्या शतकात असे लिहून ठेवले की, हे नाव त्या बेटातील एका प्राचीन देवतेच्या महिन्यावरून पडले.

ह्या एका टिपणावरून पुष्कळांनी असा तर्क केला आहे की, ईस्टर हा मुळी वसंतोत्सवच. झाडांना पालवी फुटते, त्याचे हे रूपक. परंतु नाव एका गावचे आणि मनुष्य दुसऱ्या गावचा, असे पुष्कळदा घडते. बीडच्या पूर्वी पाच शतके ग्रीक व सिरियन मंडळ्या हा सण पाळीत होत्या आणि त्यांना त्या इंग्रजी देवतेचे नावही ठाऊक नव्हते. रंगविलेली अंडी व साखरेचे ससे ह्यांचीही गोष्ट तशीच. उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून उपवास सुटताच ती ताटात येत व मुलांना वाटली जात. ससा तर फार पुढे जर्मन मुलखातून आला. मुलांच्या हौसेला कोणी नावे ठेवू नयेत. पण दिवाळीतील फटाका म्हणजे दिवाळीचा अर्थ नव्हे, तसेच हे आहे.

मग अर्थ कोणता? तो एका घटनेत आहे, आणि ती घटना शुभवर्तमानांत अगदी साध्या शब्दांत सांगितलेली आहे. रोमन अंमलदार पिलात ह्याच्या कारकीर्दीत यरुशलेम नगराबाहेर येशूला वधस्तंभावर खिळण्यात आले. हा पिलात इ. स. २६ ते ३६ पर्यंत यहुदा प्रांतावर होता. अरिमथाईकर योसेफ नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाने प्रेत मागून घेतले, तागाच्या वस्त्रात गुंडाळले, खडकात खोदलेल्या आपल्या नव्या कबरेत ठेवले आणि तिच्या तोंडाशी मोठी धोंड लोटली. सूर्यास्ताबरोबर शब्बाथ लागला. शनिवारचा सारा दिवस कोणी काही करू शकले नाही. रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या. धोंड कोण सरकवील, ही त्यांची वाटेतील चिंता होती. पोहोचून पाहतात तो धोंड बाजूस लोटलेली आणि कबर रिकामी.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. त्या स्त्रिया जिवंत प्रभूला भेटण्यास निघाल्या नव्हत्या. प्रेताचे राहिलेले संस्कार पुरे करण्यास निघाल्या होत्या. त्यांनी आणलेले वर्तमान ऐकून शिष्यांना आनंद झाला नाही. त्यांस ती बायकांची बडबड वाटली. मरीया मग्दालिया हिने तर समोर उभ्या असलेल्या येशूला माळी समजून प्रेत कोठे नेऊन ठेवले असे विचारले. थोमाने हातांतील खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून विश्वास ठेवण्याचे साफ नाकारले. ज्यांना आशा होती त्यांनी आशेपोटी स्वप्न पाहिले, असे म्हणण्यास येथे जागाच नाही. कारण आशा कोणाच्याही ठिकाणी उरली नव्हती. शिवाय, त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नसे. कथा रचावयाची असती, तर पहिले साक्षीदार म्हणून स्त्रियांना कोणी पुढे केले नसते.

पुढील वृत्तांतही असाच देहाला धरून आहे. शिष्यांना आपण भूत पाहतो असे वाटले, तेव्हा येशूने आपले हातपाय दाखविले आणि त्यांच्यादेखत भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. छाया मासा खात नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी, म्हणजे इ. स. ५५ च्या आसपास, पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले. ज्यांस येशू दिसला त्यांची यादी तो तेथे देतो, आणि एके प्रसंगी पाचशेंहून अधिक जणांस तो दिसला व त्यांपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असे बजावतो. ज्यास शंका असेल त्याने जाऊन विचारावे, असाच त्याचा आशय. त्याच पत्रात तो सगळा धर्म एका पारड्यात घालतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश फोल, श्रोत्यांचा विश्वास फोल, आणि आपण देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो, असा त्याचा स्पष्ट युक्तिवाद आहे. रूपकाविषयी कोणी असे बोलत नाही. वसंत ऋतूचे रूपक कोणी नाकारले, म्हणून कोणाचा धर्म फोल ठरत नाही.

परंपरानिष्ठ ख्रिस्ती मनुष्य ईस्टरविषयी आग्रही असतो तो येथेच. गेल्या दोन शतकांत युरोपातील काही विद्वानांनी असा अर्थ सुचविला की, येशू देहाने उठला नसून त्याची शिकवण शिष्यांच्या अंतःकरणात पुन्हा जागी झाली. हा अर्थ सोयीचा आहे, कारण तो कोणालाच अडचणीत टाकीत नाही. परंतु शिकवण जागी होण्यासाठी कबर रिकामी होण्याची आवश्यकता नव्हती. थोर पुरुषांची स्मृती त्यांच्या समाधीवर फुले वाहूनही जागी ठेविता येते. प्रेषितांनी जे सांगितले ते निराळे होते, आणि ते सांगितल्याबद्दल त्यांना फटके, तुरुंग व छळ सोसावा लागला.

ह्याविरुद्ध घेतल्या जाणाऱ्या शंका जुन्याच आहेत. शिष्यांनी प्रेत चोरले असे म्हणावे, तर स्वतः केलेल्या लबाडीसाठी माणसे असा छळ सोसावयास का तयार झाली, ह्याचे उत्तर द्यावे लागते. येशू केवळ मूर्च्छित झाला होता असे म्हणावे, तर ज्यांचा धंदाच देहदंड अंमलात आणण्याचा होता अशा रोमन शिपायांना मेलेला व जिवंत ओळखता आला नाही, असे मानावे लागते. चारी शुभवर्तमानांत तपशिलाचे भेद आहेत, हे मात्र खरे. कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक दिसला की दोन, ह्यांत मेळ तंतोतंत बसत नाही. पण चार साक्षीदारांनी शब्दास शब्द जुळवून साक्ष दिली, तर त्यांना कोणी पढवून आणले असावे असा संशय न्यायाधीशाला येतो. मुख्य गोष्टीविषयी चौघांचे एकमत आहे. इतके झाल्यावरही पुराव्याने विश्वास बळेच उत्पन्न होत नाही. पुरावा दारापर्यंत आणून सोडतो. उंबरठा ज्याचा त्यानेच ओलांडावयाचा असतो.

आता महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात येणाऱ्या एका खास प्रश्नाकडे वळू. आत्मा मरत नाही, हे ह्या देशात कोणास नव्याने शिकवावे लागत नाही. जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा आत्मा देह बदलतो, हा दृष्टांत घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा ईस्टरचा अर्थ ‘मृत्यूनंतरही आत्मा राहतो’ एवढाच असेल, तर त्यासाठी वेगळा सण कशाला?

हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या चरित्रात डोळ्यांसमोर मूर्तिमंत उभा राहतो. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या कन्या. संस्कृत विद्या त्यांना मातापित्यांकडून मिळाली आणि पुराणे तर बालपणीच मुखोद्गत झाली. आत्म्याचे अमरत्व ऐकण्यासाठी त्यांना घराबाहेर पाऊल टाकण्याचे कारण नव्हते. मृत्यूही त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर घरातूनच ओळखला. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात मातापिता व बहीण गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली, विवाहाला दोन वर्षेही होतात न होतात तोच, पती बिपिन बिहारी मेधावी गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे केडगाव येथील मुक्ती सदनात दुष्काळाने व रूढीने पोळलेल्या शेकडो मुलींना आणि स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. खेड्यातील साध्या बाईला समजेल अशा मराठीत, मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून, सबंध बायबल उतरविण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत अंगावर घेतले. ते चालू असता १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा आईच्या आधी निवर्तली. पुढील वर्षी ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्या वर्षीचा ईस्टर १६ एप्रिलला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांवर होता. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

ज्या ग्रंथासाठी त्यांनी ती वर्षे वेचली त्यात मृतांविषयीचा जो शब्द आहे, तो ‘अमरत्व’ ह्याहून निराळा आहे. तो शब्द ‘पुनरुत्थान’ हा होय. उत्थान म्हणजे उठणे. आणि उठते ते जे पडले आहे तेच. पुनर्जन्मात देह दुसरा, नाव दुसरे, आईबाप दुसरे. पूर्वीच्या नात्याची ओळखही उरत नाही. पुनरुत्थानात मनुष्य तोच. येशूच्या उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण होते. थोमाने त्यावरूनच प्रभूला ओळखले. मरीयेने त्याला ओळखले ते त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली तेव्हा. तसेच हे उठणे केवळ पुन्हा श्वास सुरू होणे नव्हे. बेथानीच्या लाजराला येशूने कबरेतून बाहेर बोलाविले, पण त्याला पुढे पुन्हा मरण आलेच. ख्रिस्त उठला तो पुन्हा कधीही न मरण्यासाठी. म्हणून त्याच्या उठण्याला प्रेषित ‘प्रथमफळ’ म्हणतात. शेतातील पहिली पेंढी मंदिरात आणली म्हणजे मागून सगळे पीक येणार, ह्याची ती खूण असे. तसा एक जण उठला, म्हणून त्याच्यात निजलेले सर्व उठतील. हे ज्याने धरले, त्याला आपल्या प्रिय माणसाची भेट व्हावयाची ती त्याच माणसाशी, दुसऱ्या कोणाशी नव्हे, असा भरवसा असतो. आपल्या माणसांना एकामागून एक पोचविणाऱ्या स्त्रीला ह्या दोन शब्दांतील अंतर किती मोठे, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मृत देहातून जिवंत देह कसा येईल, ह्या शंकेला पौलाने बीजाचा दृष्टांत दिला आहे. अनसिंगच्या शेतकऱ्याला तो दृष्टांत फोड करून सांगावा लागत नाही. मृगाच्या पावसावर तूर किंवा सोयाबीन काळ्या मातीत पडते, तेव्हा दाणा दिसेनासा होतो. वर येते ते रोप दाण्यासारखे दिसत नाही, तरी ते त्याच दाण्याचे असते. तुरीतून तूरच येते. ख्रिस्ती लोक प्रेत पुरतात, त्याच्या मागे हा भाव आहे. दफनभूमी म्हणजे त्यांच्या दृष्टीने पेरणी झालेले शेत.

ईस्टरचा दुसरा अर्थ पापाच्या क्षमेविषयी आहे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे शुक्रवारी येशूने मनुष्यजातीच्या पापाचे ऋण आपल्या मरणाने फेडले. पण ऋण फेडले गेले हे कशावरून? कर्ज फिटले म्हणजे सावकार कर्जरोखा परत करतो. तसे, देवाने त्याला मेलेल्यांतून उठविले, ही त्या फेडीची पावती होय. रविवार नसता, तर शुक्रवार हा एका सज्जनाच्या अन्याय्य वधाचा दिवस एवढाच राहिला असता. त्याला ‘उत्तम शुक्रवार’ म्हणण्याचे कोणास सुचलेही नसते.

ह्यातूनच तिसरी एक गोष्ट निघते. देव ज्या देहाला पुन्हा उठविणार, तो देह तुच्छ मानता येत नाही, मग तो रोगाने झडलेला का असेना. रोग्यांची सेवा सर्वच धर्मांनी वाखाणली आहे. ख्रिस्ती मंडळीला तिच्यासाठी जे बळ मिळाले, त्याचा एक झरा येथे आहे. मिरजेला १८९४ साली डॉक्टर वॉन्लेस ह्यांनी काढलेले रुग्णालय, किंवा वाशीमला नाझरीन मंडळीने १९३८ साली उभारलेले रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय, ह्यांच्या इतिहासाकडे ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

हा अर्थ ध्यानात आला म्हणजे सणाची रीतही उलगडते. भस्म बुधवारपासून रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या नगरप्रवेशाचे स्मरण होते. उत्तम शुक्रवारी पुष्कळ मंदिरांत दुपारी तीन तास उपासना चालते आणि वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वचनांवर मनन होते. शनिवारी शांतता असते. रविवारी पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास, मंडळी एकत्र येते. कित्येक गावी गीते गात प्रभातफेरी निघते. रेव्हरंड टिळक, कृष्णराव सांगळे इत्यादी कवींची भजने ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहातून मराठी मंडळ्यांच्या मुखी बसली आहेत. कोठे कोठे कुटुंबे फुले व मेणबत्त्या घेऊन आधी दफनभूमीत जातात. त्या स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन गेल्या त्याच वेळी, त्याच अंधारात हे लोकही निघतात. फरक एवढाच की, धोंड कोण सरकवील ही चिंता आता त्यांना नसते.

तेव्हा ज्या घराशेजारी ख्रिस्ती कुटुंब राहत असेल, त्या घराने पुढील वर्षी एवढे करावे. शुक्रवारी शुभेच्छा देऊ नयेत. भेट झालीच तर दोन शब्द हळू बोलावेत. रविवारी मात्र अगत्याने जावे. त्या सकाळी जुन्या चालीप्रमाणे एक जण प्रभू उठला असे म्हणतो आणि दुसरा, तो खरोखर उठला, असे उत्तर देतो. पाहुण्याने ते उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. पण त्या घरात त्या वर्षी कोणी गेलेले असेल, तर यजमानाच्या तोंडचा तो ‘खरोखर’ शब्द त्याने लक्ष देऊन ऐकावा. ईस्टरचा अर्थ त्या एका शब्दात आहे.